'झोप येत नाही' म्हणून आलेली पेशंट: घरातली हिंसा ओळखायची कशी आणि पुढे करायचं काय, नव्या डॉक्टरांसाठी

तिची तक्रार एकच होती, रात्री झोप लागत नाही. पहिल्या वेळी मी गोळी लिहून दिली. दुसऱ्या वेळी डोस वाढवला. तिसऱ्या वेळी नवरा बरोबर आला आणि मी विचारेन त्या प्रत्येक प्रश्नाचं उत्तर तोच द्यायला लागला, "हिला काही झालेलं नाहीये हो डॉक्टर, उगाच विचार करत बसते", आणि ती खाली बघून नुसती मान हलवत होती, तेव्हा कुठे माझ्या मनात शंकेची पाल चुकचुकली. वजन करायचंय असं सांगून सिस्टर तिला आतल्या खोलीत घेऊन गेल्या, मी मागोमाग गेले, दार लावलं आणि विचारलं, घरात कुणाची भीती वाटते का तुम्हाला. ती बराच वेळ गप्प होती, मग म्हणाली, "झोपले की तो कधी अंगावर येईल कळत नाही, म्हणून जागीच राहते. तुमच्या गोळीनं मला जाग येईनाशी झालीय."

म्हणजे मी ज्याला आजार समजत होते तो तिचा पहारा होता, आणि तो पहारा मीच दोन महिने गोळ्या देऊन मोडत होते. त्या दिवसापासून माझी एकच गोष्ट पक्की झाली, की लक्षणावर औषध लिहायच्या आधी ते लक्षण तिच्यासाठी काय काम करतंय ते विचारायचं. हा लेख त्यासाठीच आहे, ज्यांची प्रॅक्टिस नुकतीच सुरू झालीय, जे इंटर्नशिप करताहेत, ज्यांना कॉलेजात या विषयावर एखादं लेक्चर मिळालं असेल नसेल, त्यांच्यासाठी. तुम्ही मानसोपचारतज्ज्ञ असायची गरज नाही, उलट अशा पेशंट आधी फॅमिली डॉक्टरकडे, स्त्रीरोगतज्ज्ञाकडे, हाडांच्या डॉक्टरकडे आणि कॅज्युअल्टीतच येतात.

मी इथे 'ती' आणि 'नवरा' असं लिहितेय कारण बहुतेक वेळा चित्र तसंच असतं. पण मार खाणारा पुरुष असू शकतो, मुलाच्या हातचा मार खाणारी म्हातारी आई असू शकते, दोन पुरुषांच्या किंवा दोन बायकांच्या नात्यातही हे घडतं, प्रश्न तेच विचारायचे.

आधी हे किती कॉमन आहे ते डोक्यात बसवून घ्या

जागतिक आरोग्य संघटनेनं २०२१ मध्ये दिलेला अंदाज असा की जगातल्या सुमारे ३० टक्के स्त्रियांनी आयुष्यात कधी ना कधी जोडीदाराकडून शारीरिक किंवा लैंगिक हिंसा, नाहीतर दुसऱ्या कुणाकडून लैंगिक हिंसा सोसलेली असते. यात नुसती धमकी, सततचा अपमान, पैसे अडवून धरणं, फोन तपासणं हे धरलेलंच नाही. आणि याच संघटनेच्या २०१३ च्या अहवालात आहे की जोडीदाराची हिंसा सोसलेल्या स्त्रियांना डिप्रेशन होण्याची शक्यता जवळपास दुप्पट असते. तेव्हा "माझ्याकडे अशा केसेस येत नाहीत" असं कुणी म्हणालं की मला वाटतं, येतात, फक्त तुम्ही विचारलेलं नाही.

पहिली पायरी: विचारायच्या आधीची तयारी

तयारी नसताना विचारू नका, हे मी मुद्दाम सगळ्यात आधी सांगतेय. ती बोलली आणि तुमच्याकडे पुढे द्यायला काहीच नसेल तर ती उघडी पडते आणि घरी जाऊन तिलाच भोगावं लागतं.

एक अशी जागा हवी जिथलं बोलणं बाहेर ऐकू जात नाही, पडदा म्हणजे जागा नव्हे. स्टाफमधल्या निदान एकीला तरी माहीत हवं की डॉक्टरांनी ठरलेला शब्द वापरला की नातेवाइकांना बाहेर बसवायचं, कुठलं तरी कारण काढून. आणि एक कागद तयार हवा, त्यावर तुमच्या भागातली हेल्पलाइन, निवाऱ्याची सोय, मोफत कायदेशीर सल्ला कुठे मिळतो, समुपदेशक कोण, जवळचा मानसोपचार विभाग कुठला. हे सगळे नंबर तुम्ही स्वतः एकदा फिरवून बघा. जुनी यादी कुणीतरी देतं, आपण भिंतीला चिकटवतो, आणि तिनं धीर करून फोन लावला की पलीकडे कुणी उचलतच नाही, तो धीर तिला परत गोळा करायला मग वर्ष लागतं.

तुमच्याकडचा कायदाही वाचून ठेवा. काही ठिकाणी अमुक प्रकारची जखम किंवा मुलांवरचा अत्याचार समजला की डॉक्टरला कळवावंच लागतं. ते बंधन असेल तर प्रश्न विचारायच्या आधी पेशंटला सांगायचं, "तुम्ही सांगाल ते माझ्याजवळ राहील, फक्त अमुक अमुक गोष्ट असेल तर मला कळवावं लागतं." सगळं ऐकून घेऊन मग हे सांगणं म्हणजे फसवणूक आहे.

दुसरी पायरी: संशय कुठे घ्यायचा

काळानिळा डोळा बघून कुणालाही कळतं. जे कळत नाही ते असं असतं: वर्षानुवर्षं डोकेदुखी, पोटदुखी, कंबरदुखी, सगळे रिपोर्ट नॉर्मल. छातीत धडधड होऊन परत परत कॅज्युअल्टीत येणं. गर्भारपणात तपासणीला फार उशिरा येणं किंवा मध्येच येणं बंद होणं. पुन्हा पुन्हा नको असताना राहिलेला गर्भ. वेगवेगळ्या दिवसांच्या जखमा एकाच वेळी अंगावर असणं, आणि 'पडले' म्हणून सांगितलेली गोष्ट जखमेशी न जुळणं (माणूस पडताना हात पुढे करतो, त्यामुळे तळहात आणि गुडघे खरचटतात, दंडाच्या आतल्या बाजूला बोटांचे ठसे उमटत नाहीत). अपॉइंटमेंट घेऊन रद्द करणं, आणि रद्द करायला फोन त्यानं करणं.

मनाच्या बाजूनं बघायचं तर झोप उडणं, बारीक आवाजानंही दचकणं, कशातच रस नसणं, लक्ष न लागणं, विसरायला होणं, आपण जणू काचेपलीकडून सगळं बघतोय असं वाटणं, दारू किंवा पेनकिलरवर अवलंबून राहणं, हाताला कापून घेणं, मरणाचे विचार. यातलं काहीच फक्त हिंसेमुळेच होतं असं नाही, पण यातलं काही दिसलं की विचारायचं.

सगळ्यांनाच सरसकट विचारावं का यावर मतभेद आहेत. जागतिक आरोग्य संघटनेची २०१३ ची मार्गदर्शक तत्त्वं म्हणतात की आलेल्या प्रत्येक बाईला विचारायची गरज नाही, पण डिप्रेशन, अँक्झायटी, न उलगडणारं दुखणं अशी खूण दिसली तर विचारा. अमेरिकेतल्या प्रतिबंधक सेवांच्या समितीनं मात्र २०१८ मध्ये मूल होण्याच्या वयातल्या सगळ्याच स्त्रियांना विचारा असा सल्ला दिला. नव्या डॉक्टरला माझं म्हणणं, खुणा बघून सुरुवात करा, जीभ सरावली आणि मदतीची साखळी तयार झाली की मग वाढवा.

तिसरी पायरी: एकटीला गाठून विचारणं

नवरा, सासू, मुलगी, मैत्रीण, कुणाही समोर विचारायचं नाही. अगदी प्रेमळ दिसणाऱ्या बहिणीसमोरही नाही, कारण बहीण घरी जाऊन कुणाला काय सांगेल ते तुम्हाला माहीत नसतं. दोन वर्षांच्या पुढचं मूल असेल तर तेही बाहेर, मुलं ऐकतात आणि घरी बोलून जातात. भाषेचा प्रश्न असेल तर नातेवाइकाला दुभाषा करायचं नाही, स्टाफमधलं किंवा बाहेरचं माणूस घ्यायचं. मी एकदा, सुरुवातीच्या काळात, नवऱ्यासमोरच विचारून बसले होते, "घरी काही त्रास?" आणि ती हसून "छे छे" म्हणाली. ती परत कधीच आली नाही. त्या हसण्याची किंमत तिनं घरी काय मोजली असेल हा विचार मला आजही सोडत नाही.

नवरा बाहेर जायला तयार नसेल तर वाद घालू नका, त्याचा राग तिच्यावर निघतो. "युरीनचं सॅम्पल लागेल", "आतली तपासणी आहे, आमच्याकडे नियम आहे", "एक्स-रेच्या खोलीत फक्त पेशंट". नियम सगळ्यांसाठी आहे असं सांगितलं की बहुतेक माणसं ऐकतात. नाहीच ऐकलं तर त्या दिवशी विचारूच नका, जवळची तारीख द्या.

"घरी सगळं ठीक ना?" हा प्रश्न नव्हे, याला उत्तर 'हो' हेच असतं. आधी थोडी वाट करून द्यायची: "असा त्रास घेऊन येणाऱ्या बऱ्याच जणींच्या घरी कुणीतरी मारतं, धमकावतं किंवा सतत टाकून बोलतं असं मला दिसलंय, म्हणून मी सगळ्यांनाच विचारते." मग सरळ: "तुम्हाला घरात कुणाची भीती वाटते का? कुणी मारतं, ढकलतं, गळा धरतं का? नको असताना जबरदस्ती होते का? पैसे, फोन, बाहेर जाणं यावर कुणाचा ताबा आहे का?" 'अत्याचार', 'हिंसा', 'बलात्कार' हे शब्द पहिल्या दमात नकोत, बऱ्याच जणी आपल्यावर घडतंय त्याला हे नाव देतच नाहीत, पण 'मारतो का' याला उत्तर देतात.

तो ताब्याचा प्रश्न गाळू नका. मारहाण वर्षातून एकदा होत असेल पण रोज कुठे गेलीस, कुणाशी बोललीस, पावती दाखव, हे चालू असेल तर तिचं मन त्यानंच जास्त मोडतं. इंग्लंड आणि वेल्समध्ये २०१५ च्या कायद्यानं असा सततचा ताबा हा स्वतंत्र गुन्हा ठरवलाय, एकही फटका नसला तरी.

ती "नाही" म्हणाली तर? ठीक आहे. "बरं, कधी बोलावंसं वाटलं तर मी आहे" एवढंच म्हणा आणि ज्यासाठी आली ते नीट तपासा. खोदून काढायचं नाही, आपण पोलीस नाही. विचारलं गेलं हे तिच्या लक्षात राहतं आणि पुष्कळ जणी चौथ्या पाचव्या भेटीत स्वतःहून विषय काढतात.

चौथी पायरी: ती बोलल्यानंतरची पहिली पाच मिनिटं

पेन खाली ठेवा. कॉम्प्युटरकडून मान वळवा. ऐका.

जागतिक आरोग्य संघटनेनं यासाठी पाच गोष्टींचा क्रम सांगितलाय, ऐकणं, तिला आत्ता कशाची गरज आणि काळजी आहे ते विचारणं, तिचं खरं मानतोय हे बोलून दाखवणं, सुरक्षिततेचं बघणं, आणि पुढची मदत जोडून देणं. यात मला तिसरी गोष्ट सगळ्यात मोठी वाटते, कारण घरात तिला वर्षानुवर्षं सांगितलेलं असतं की तूच वेडी आहेस, तुझ्यावर कोण विश्वास ठेवणार. तिथे एका डॉक्टरनं तोंडावर म्हणणं, "माझा तुमच्यावर विश्वास आहे. यात तुमची चूक नाही. कुणालाच असं वागवून घ्यायची पाळी येऊ नये", याला औषधाइतकीच किंमत आहे. मी बघितलंय, हे ऐकून खांदे अक्षरशः दोन इंच खाली येतात.

काय बोलू नये? "मग सोडत का नाही त्याला?" हे अजिबात नाही. "तुम्ही काय बोललात की त्याला राग आला?" नाही. "मुलांकडे बघून थोडं सोसा" तर नाहीच नाही. "मी असते तर एक दिवस राहिले नसते" हेही नाही, त्यानं ती तुमच्यापुढे खुजी होते. सोडून जाण्याचा काळ हाच बऱ्याचदा सगळ्यात धोक्याचा असतो, ताबा सुटतोय म्हटल्यावर हिंसा वाढते, आणि हे तिला आपल्यापेक्षा चांगलं माहीत असतं. ती तिथे राहतेय म्हणजे ती मूर्ख नाही, ती रोज हिशोब मांडतेय.

पाचवी पायरी: आज रात्री ती सुरक्षित आहे का

हा भाग चुकवायचा नाही, वेळ नसला तरी. जागतिक आरोग्य संघटनेच्या २०१४ च्या डॉक्टरांसाठीच्या पुस्तिकेत सहा प्रश्न आहेत, ते पाठ करा. गेल्या सहा महिन्यांत मारणं वाढलंय किंवा जास्त भयंकर झालंय का? त्यानं कधी हत्यार वापरलं किंवा त्याची धमकी दिली का? कधी गळा आवळला का? तो तुम्हाला मारून टाकू शकेल असं तुम्हाला वाटतं का? गर्भार असताना मारलंय का? तो सतत आणि हिंसक होण्याइतका संशय घेतो का? यातल्या तिनाला किंवा जास्तीला 'हो' आलं तर धोका मोठा आणि लगेचचा आहे असं धरायचं, आणि घरी पाठवायच्या आधी तिच्याबरोबर बसून ठरवायचं, आज कुठे जाता येईल, कुणाला फोन करायचा, ॲडमिट करून एक रात्र काढता येते का.

गळा आवळण्याबद्दल वेगळं लिहिते कारण इथे आपण डॉक्टर फार चुकतो. गळा दाबला की काही सेकंदांत शुद्ध जाऊ शकते. आणि बाहेरून काही दिसेलच असं नाही, सॅन दिएगोमधल्या ३०० केसेसचा अभ्यास २००१ मध्ये छापून आला होता, त्यात निम्म्या केसेसमध्ये गळ्यावर दिसण्यासारखी खूणच नव्हती. २००८ च्या एका अमेरिकन अभ्यासात ज्यांचा आधी कधी गळा आवळला गेला होता त्यांच्या बाबतीत पुढे जोडीदाराकडून खून होण्याची शक्यता सात पटींहून जास्त निघाली. म्हणून आवाज बसलाय, गिळताना दुखतंय, डोळ्यांत किंवा पापण्यांवर लाल बारीक ठिपके, त्या वेळी कपड्यात लघवी झाली, मधलं काही आठवत नाही, यातलं काहीही असेल तर 'घसा बसलाय' म्हणून गुळण्या सांगून पाठवू नका. मानेतल्या रक्तवाहिनीला इजा होऊन काही दिवसांनीही पॅरालिसिसचा झटका येऊ शकतो, तेव्हा शंका असेल तर मानेच्या रक्तवाहिन्यांचं सीटी अँजिओ करायला पाठवा. विसरभोळेपणा, चिडचिड, लक्ष न लागणं हे सगळं 'टेन्शन' नसून डोक्याला वारंवार बसलेल्या मारामुळे किंवा गळा आवळून मेंदूला ऑक्सिजन न मिळाल्यामुळेही असू शकतं.

लैंगिक जबरदस्ती झाली असेल तर घड्याळ बघा. एचआयव्ही टाळायची औषधं ७२ तासांच्या आत सुरू व्हावी लागतात, जितक्या लवकर तितकं बरं, आणि गर्भ राहू नये म्हणूनची गोळी पाच दिवसांपर्यंत देता येते पण तीही लवकर दिलेली चांगली.

आणि आत्महत्येबद्दल सरळ विचारा: "जगणं नको असं वाटतं का? काही करून घ्यायचं मनात येतं का? कसं करायचं ते ठरवलंय का?" विचारल्यानं विचार डोक्यात भरत नाही, ही भीती काढून टाका. मुलं घरात असतील तर त्यांना इजा होतेय का हेही त्याच बैठकीत.

सहावी पायरी: मनाचा इलाज

इथे नवे डॉक्टर एकतर घाबरून सगळं मानसोपचारतज्ज्ञाकडे ढकलतात नाहीतर झोपेची गोळी लिहून मोकळे होतात. दोन्ही नको.

बेन्झोडायझेपिन, म्हणजे अल्प्राझोलाम, डायझेपाम वगैरे, नुकत्याच झालेल्या आघातानंतर झोपेसाठी किंवा घाबरण्यासाठी देऊ नये असंच जागतिक आरोग्य संघटना सांगते. सवय लागते, शिवाय रात्री तिला जाग यायला हवी हा मुद्दा मी वर सांगितलाच. डिप्रेशन खरोखर असेल, दोन आठवड्यांपेक्षा जास्त दिवस, रोजची कामं होत नाहीत इतकं, तर त्याचा नेहमीसारखाच इलाज करायचा. "परिस्थितीच अशी आहे, कुणालाही डिप्रेशन येईल" म्हणून औषध नाकारणं हाही अन्यायच. पण अमिट्रिप्टिलिनसारख्या डिप्रेशनवरच्या जुन्या प्रकारच्या गोळ्या एकदम जास्त घेतल्या तर हृदयाची लय बिघडून जीव जाऊ शकतो, म्हणून आत्महत्येचा विचार असलेल्या बाईच्या हातात त्याची महिनाभराची पाकिटं देऊ नका, एसएसआरआय (डिप्रेशनवरच्या नव्या प्रकारच्या गोळ्या) बरे, आणि एका आठवड्याच्याच द्या, त्यानिमित्तानं ती परतही येते.

तेच ते दृश्य डोळ्यांसमोर येणं, भयानक स्वप्नं, त्या जागेला टाळणं, सतत सावध राहणं, हे महिना उलटून गेला तरी चालू असेल तर पीटीएसडीचा, म्हणजे आघातानंतर मागे राहणाऱ्या मानसिक आजाराचा, विचार करा. २०२२ पासून लागू झालेल्या आजारांच्या अकराव्या जागतिक वर्गीकरणात कॉम्प्लेक्स पीटीएसडी असं वेगळं निदान आलंय, त्यात या सगळ्याबरोबर आपण कवडीमोल आहोत असं वाटणं, भावना आवरता न येणं, कुणाशीच जवळीक न जमणं हेही येतं, वर्षानुवर्षं कोंडून मार खाल्लेल्या माणसात हे दिसतं. यासाठी आघातावर काम करणारी सीबीटी (विचार आणि वागण्याच्या सवयी बदलायला शिकवणारी थेरपी) किंवा ईएमडीआर (डोळ्यांच्या हालचालींच्या मदतीनं आघाताच्या आठवणींवर काम करणारी थेरपी) शिकलेला थेरपिस्ट शोधा. मात्र ती अजून त्याच घरात असेल तर थेरपीचा पहिला भाग म्हणजे सुरक्षितता आणि मन जागेवर आणणं, जुन्या जखमा उकरणं नव्हे. पहिल्याच दिवशी "सगळं पहिल्यापासून सांगा, मन मोकळं होईल" असं तर मुळीच करू नका, तशा एकदाच्या जबरदस्तीच्या बैठकीनं फायदा होत नाही.

आता ज्याबद्दल मला सगळ्यात जास्त कळकळीनं सांगायचंय ते. निदानाचा शिक्का. ती म्हणते, "तो माझ्यावर पाळत ठेवतो, मी कुठे आहे ते त्याला कळतं", आणि आपण लिहून टाकतो, संशयी विचार. अहो, खरंच तिच्या फोनमध्ये ॲप टाकलेलं असतं! आधी तपासा. ती तपासताना एकदम चिडते, रडते, मग गप्प होते, आणि कुणीतरी लिहितं 'पर्सनॅलिटी डिसऑर्डर'. हे कागद नंतर त्याच्या हाती लागतात आणि मुलांच्या ताब्याच्या वेळी तोच कोर्टात उभा राहून म्हणतो की बघा, ही वेडी आहे, डॉक्टरनीच लिहिलंय. गोळ्या लपवणं, दुप्पट खायला लावणं, "तुला पुन्हा ॲडमिट करीन" अशी धमकी देणं, तुम्हालाच येऊन शांत आवाजात सांगणं की "डॉक्टर, ही घरी फार विचित्र वागते", हा सगळा हिंसेचाच भाग असतो. शांत बोलणारा तो आणि थरथरणारी ती, यात खरं कोण बोलतंय हे आवाजाच्या पातळीवरून ठरवू नका.

सातवी पायरी: लिहायचं कसं

तिचे शब्द अवतरणात जसेच्या तसे: पेशंट म्हणते, "काल रात्री नवऱ्यानं दोन्ही हातांनी गळा दाबला." 'पेशंटचा आरोप आहे', 'म्हणे' असले शब्द नकोत, तापाच्या पेशंटबद्दल आपण 'तापाचा आरोप' लिहितो का? जखम कुठे, किती सेंटिमीटर, रंग कसा, शरीराच्या चित्रावर खूण करून, तिची परवानगी असेल तर फोटो. कधीची घटना, कोणी केलं, वेळ, तारीख, तुमची सही. मनाच्या लक्षणांचा संबंधही लिहा, 'मारहाण सुरू झाल्यापासून झोप नाही', म्हणजे आजार आभाळातून पडल्यासारखा दिसत नाही.

पण हे तिच्या हातातल्या पेपरवर नाही. घरी जाणाऱ्या कागदावर फक्त तक्रार आणि औषध. रिपोर्ट मेसेजनं कुणाच्या फोनवर जातात, ऑनलाइन फाइलचा पासवर्ड कुणाकडे आहे, हे तिला विचारा. माझ्या ओळखीतल्या एका दवाखान्यातून समुपदेशनाच्या अपॉइंटमेंटची आठवण नवऱ्याच्या नंबरवर गेली होती. पुढचं मी लिहीत नाही.

आठवी पायरी: जोडून देणं

"हा नंबर घ्या" म्हणणं म्हणजे रेफर करणं नव्हे. तुमच्याच खोलीतून, तुमच्याच फोनवरून लावून द्या, ती बोलेपर्यंत तुम्ही दुसरा पेशंट बघा. लंडनचा हॅकनी भाग आणि ब्रिस्टल इथल्या ४८ दवाखान्यांवर एक प्रयोग झाला, २०११ मध्ये छापून आला, ज्या २४ दवाखान्यांत डॉक्टर आणि स्टाफला ट्रेनिंग दिलं आणि मदत करणाऱ्या संस्थेतलं एक ठरलेलं माणूस जोडून दिलं तिथून २२३ रेफरल गेले, आणि बाकीच्या २४ मधून फक्त १२. माणसं तीच, दुखणी तीच.

घरून निघायची पाळी आली तर काय, यावर दहा मिनिटं बोला: ओळखीची कागदपत्रं आणि थोडे पैसे कुणाकडे ठेवता येतील, शेजारी कोण मदतीला येईल, मुलांना कुठला शब्द ऐकला की बाहेर पळायचं ते माहीत आहे का, भांडण पेटलं की जिथे हत्यारासारख्या वस्तू असतात अशा खोलीत किंवा एकच दार असलेल्या खोलीत अडकायचं नाही. कागद घरी नेणं धोक्याचं असेल तर नंबर पाठ करू द्या किंवा दुसऱ्या नावानं सेव्ह करा.

दोन गोष्टी कधीच करू नका. नवऱ्याला बोलावून समजावणं. आणि दोघांना एकत्र समुपदेशनाला पाठवणं, भीती असलेल्या नात्यात ती तिथे खरं बोलली तर घरी गेल्यावर भोगते आणि खोटं बोलली तर समुपदेशनच खोटं. नवराही तुमचाच पेशंट असेल तर तिनं सांगितलेलं एक अक्षरही त्याच्यासमोर तोंडातून निसटता कामा नये, शक्य असेल तर दोघांना वेगवेगळे डॉक्टर बघू दे.

नववी पायरी: पुन्हा बोलावणं

काहीतरी निमित्त काढून तारीख द्या, बीपी बघायला, गोळ्या संपल्या म्हणून, टाके काढायला. फोन करायची वेळ आली तर आधीच ठरवून घ्या कुठल्या वेळी आणि कुठल्या नंबरवर, आणि त्यानं उचलला तर काय म्हणायचं, मी "रिपोर्ट तयार आहे" एवढंच म्हणते. पुढच्या भेटीत "मग, निघालात का?" असं विचारू नका, "मागच्या वेळेपासून कसं आहे? रात्री झोप कशी लागते? पुन्हा गळ्याला हात लावला का?" असं विचारा आणि ते सहा प्रश्न परत, कारण धोका बदलत राहतो. ती म्हणाली की काहीच बदललं नाही, तो माफी मागतोय, मी राहणारच आहे, तर तुमचा चेहरा पडू देऊ नका, ती तुमचा चेहरा बघत असते आणि डॉक्टर नाराज झाल्या असं वाटलं तर पुढच्या वेळी येणार नाही. त्याच दिवशी पुढची तारीख लिहून द्या, आणि ती तारीख स्वतःच्या डायरीतही लिहून ठेवा, म्हणजे ती आली नाही तर तुमच्या लक्षात येईल.